भरलं ताट

कारखान्यात बनणाऱ्या, कॉम्प्युटर चिप तयार करायच्या यंत्रांच्या नव्या ऑर्डरी निम्म्यावर आल्याचं ऐकून मोठ्या साहेबांनी कॅन्टीनमध्ये ताट बाजूला सारलं. “दुसरी पाळी बंद करू,” ते म्हणाले. समोर जेवणाऱ्या, ऑर्डरींचा अंदाज बांधणाऱ्या विश्लेषक बाईंनी हातातला घास खाली ठेवला. त्यांचा नवरा त्याच पाळीत फिटर होता. “साहेब, घाई नको. आधी मागवलेलं यंत्र उशिरा पाठवा, असं एकही गिऱ्हाईक म्हणालेलं नाही. उलट लवकर पाठवा म्हणून मागे लागलेत.” “नवरा त्या पाळीत आहे म्हणून सांगताय?” “तो नसता तरी हेच सांगितलं असतं.” “मग नव्या ऑर्डरी कमी का?” “त्यांनी आधीच भरपूर यंत्रं मागवून ठेवलीत. भरल्या ताटावरचा माणूस ‘वाढा’ कशाला म्हणेल? त्यानं ताट बाजूला सारलं, तर काळजी करायची.” साहेबांनी ताटाकडे पाहिलं, ते हळूच पुढ्यात ओढलं आणि वाढणाऱ्या मावशींना म्हटलं, “थोडं वाढा. आणि दुसऱ्या पाळीचा स्वयंपाक नेहमीएवढाच करा.”