वलयं नाहीत

पूर्णगडच्या खडकांत भर ओहोटीला दगड उलटला तो संध्याने. ओरडली वेदिका. आणि सर म्हणाले, "वेदिकाने शोधला!"

आता तो किडा रत्नागिरीत, कॉलेजच्या प्रयोगशाळेत, पांढऱ्या ट्रेमधल्या समुद्राच्या पाण्यात पसरला होता. जांभळा, फितीसारखा, वीतभर. सर तास घ्यायला गेले होते. वेदिका, नवी संशोधक विद्यार्थिनी, पुस्तकातली ओळखतालिका मोठ्याने वाचत होती. संध्या, अकरा वर्षांपासूनची जुनी सहायक, बाटल्या पुसत होती.

अंगावर वलयं आहेत का? असल्यास गांडुळांच्या संघाकडे जा. नसल्यास पुढे.

"नाहीत," वेदिका म्हणाली.

नाहीत, हे संध्याने दगडाखालीच पाहिलं होतं.

आतडं आरपार आहे का? नसल्यास चपट्या कृमींकडे जा. असल्यास…

वेदिका भिंग घेऊन वाकली. तोवर संध्याच्या दोन बाटल्या पुसून झाल्या. आहे, बाई, आहे.

डोक्यात, वेगळ्या म्यानात, बाहेर फेकता येणारी सोंड…

"ताई, नेमर्टिया! ना गांडुळांतला, ना चपट्यांतला. ह्याचा संघच वेगळा!" वेदिकाने टाळी वाजवली. "सर म्हणतात, जात नवीन निघाली तर नाव माझ्यावरून ठेवायचं."

कालवाच्या शिंपल्याच्या धारेने पाय कापावा तसं संध्याच्या आत काहीतरी चरचरलं. अकरा वर्षं गुडघाभर चिखलात ती, आणि सरांच्या प्रत्येक निबंधाच्या तळाला एक ओळ: सर्वांचे आभार. त्या सर्वांत ती.

"आता ह्याला स्पिरिटमध्येच टाकायचं ना, ताई?"

पुस्तकात वर्गीकरण होतं. किडा मारायचा कसा, ते नव्हतं. ते संध्याला येत होतं. आधी मॅग्नेशियम क्लोराईडचं पाणी, थेंबाथेंबाने, तासभर. किडा पुरता गुंगला, की मग स्पिरिट. घाई केली तर…

"टाक की. वाट कसली बघतेस गो?"

वेदिकाने टाकला.

किड्याने आधी सोंड ओकली. मग तो आखडला, पिळवटला आणि तुटला. दोन ठिकाणी, चार ठिकाणी. मग कुणी मोजलं नाही.

सर दारातच थबकले. "अगं, असा कुणी बुडवतं का? एकच नमुना होता! अख्ख्या अंगाशिवाय वर्णन कशाचं करू मी, कपाळाचं? कुणाला विचारायचंस तरी!"

वेदिकाचे डोळे भरून आले. तिने एकदा संध्याकडे पाहिलं आणि ती पुढे झाली.

"चूक माझीच, सर. विचारलं होतं मी ताईंना. पण त्यांना तरी कुठून माहीत असणार?"

मला माहीत होतं. शब्द अगदी दातांपर्यंत आले. संध्याने पुसलेलीच बाटली पुन्हा पुसायला घेतली.

"खरंय तेही," सर म्हणाले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "संध्या, तू मनाला लावून घेऊ नकोस. तुला कुणी शिकवलंय हे?"

वेदिकाने मायेने तिच्या खांद्यावर हात ठेवला. संध्या त्या हाताखाली उभी राहिली, काहीच न कळणाऱ्या बाईसारखी.