हार्लनची सीट

नवरा, हार्लन, जाऊन दोन वर्षं झाली, तरी वर्नाने एसयूव्हीचं दार उघडलं की ड्रायव्हरची सीट आपोआप सरकत पार मागे जायची, त्याच्या सव्वासहा फुटांच्या मापाला. मग जेमतेम पाच फुटांची वर्ना बटण दाबून दाबून ती पुढे आणायची. रोज. हे बंद कसं करायचं ते हार्लनलाच ठाऊक होतं, आणि विचारायचं राहून गेलं.

डिसेंबरात डोळ्यांच्या डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली, तेव्हा तिला खरं तर हायसंच वाटलं. डुलूथ शहरातल्या म्हाताऱ्यांची दवाखान्यात ने-आण करणाऱ्या संस्थेला तिने ती विजेवरची एसयूव्ही देऊन टाकली. "न्या एकदाची," एवढंच म्हणाली.

सहा आठवड्यांनी तिलाच डोळे दाखवायला जायचं होतं. संस्थेची डार्ला दारात हजर झाली, ती नेमकी तीच गाडी घेऊन. वर्ना शेजारच्या सीटवर बसली. डार्लाने पलीकडचं दार उघडलं मात्र, ड्रायव्हरची सीट सर्रकन मागे गेली.

"बघितलंत? रोजचा ताप आहे मेला! कोण ताडमाड माणूस चालवत होता, देव जाणे. उद्या मेकॅनिक येऊन गाडीच्या मेमरीतलं जुनं सगळं पुसून टाकणार आहे. सुटले बाई मी!"

ती बसायला वाकली, तसा वर्नाने हात आडवा धरला.

"उद्या ना? मग आज मिनिटभर थांब. त्याला बसू दे."