आडवा बांबू

वैजयंतीने बांबूचं एक टोक बाभळीच्या बेचक्यात अडकवलं, दुसरं विहिरीच्या कठड्यावर टेकवलं आणि वाट अडवून उभी राहिली. समोर पटवारी रुपाली मॅडमची स्कूटी थांबली. मागून शेजारचा धर्मेंद्र मोटारसायकलवरून उतरला.

"वहिनी, हे काय? बाजूला घ्या ना जरा."

"बागेत व्हायरस आहे," वैजयंती म्हणाली. "बाहेरच्याला आत सोडत नाही."

कालच्या वादळात धर्मेंद्रची घडावर आलेली केळी आडवी झाली होती. भरपाईचा पंचनामा आजच व्हायचा होता. आजनंतर मॅडम या गावात परत येणार नव्हत्या. नाला भरून वाहत होता. धर्मेंद्रच्या शेतात जायला वैजयंतीच्या बांधाशिवाय वाट नव्हती.

बांबू त्याच्या ओळखीचा होता. कोरोनाच्या टाळेबंदीत केळीचे ट्रक थांबले, माल झाडावरच पिकून गळला, तेव्हा सरकारने मदत जाहीर केली आणि पाहणीचे साहेब गावात आले. अंधार पडायच्या आत एकच बाग पाहून होणार होती. धर्मेंद्रने हाच बांबू वैजयंतीच्या दारापुढे बांधला, वर लाल फडकं लावलं. "यांचा मुलगा ललित खोकतोय साहेब. इथं चौदा दिवसांनी या." साहेब त्याच्या बागेत गेले, त्याच्या ओट्यावर चहा प्यायले आणि निघून गेले. पुन्हा कुणी आलं नाही. मदत धर्मेंद्रला मिळाली. ललितने ड्रिपच्या नळ्या विकल्या. तेव्हापासून तो बुरहानपुरात पॉवरलूमवर जातो. बांबू मात्र वैजयंतीने गोठ्यात जपून ठेवला होता.

"देखो भैया," रुपाली मॅडम म्हणाल्या, "ही वाट नकाशात नाही. मालकीण ना म्हणतेय तर मी जबरदस्ती कशी करू? मला पुढे जसोंडीला पण जायचंय."

"झूठ आहे मॅडम! कुठंय व्हायरस? एक तरी झाड दाखवा म्हणावं!"

वैजयंती वळली. बांधालगतचं गुडघ्याएवढं केळीचं झाड तिने दोन्ही हातांनी बुडाशी धरलं आणि कंदासकट उपटलं. बांबूवरून ते धर्मेंद्रच्या पायाशी टाकलं. "हे घ्या. व्हायरस लागलेलं झाड उपटूनच टाकतात."

तो खाली बसला. पानं उलटीसुलटी करून पाहू लागला. कुठे पिवळा पट्टा नाही, डाग नाही. मुळांवर ओली माती होती.

"पान तर साफ आहे, वहिनी."

"ललितचा रिपोर्टही साफ आला होता, भाऊ. थांबलात तुम्ही तोवर?"

धर्मेंद्र मॅडमकडे पाहायला वळला. मॅडमनी एकदा उपटलेल्या झाडाकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि स्कूटी वळवली. तो चार पावलं त्यांच्या मागे धावला, हाका मारल्या, मग परत बांबूपाशी आला.

"वहिनी, वर्षाची मेहनत झोपलीय तिकडे." त्याने हात जोडले.

"चौदा दिवसांनी या."

तो जागचा हलला नाही. वैजयंती ओळीतल्या पुढच्या झाडाकडे सरकली आणि त्याच्याकडे बघत बघत तेही बुडाशी धरलं.