किल्ली शेजारी आहे

“किल्ली शेजारी ठेवलीय,” असा नवऱ्याचा निरोप होता. वैजयंतीने शेजारची बेल वाजवून किल्ली मागितली.

“शेजारी म्हणजे कोणते? सकाळचे की आत्ताचे?” अनोळखी गृहस्थ म्हणाले. “आम्ही बाराला वर आलो.”

वैजयंतीने कपाळावर हात मारला. सगळ्यांना सारखं ऊन मिळावं म्हणून ही इमारत रोज दुपारी फ्लॅट वरखाली हलवायची.

“सूनबाई, इन्शुलिनची वेळ टळली गं!” बंद दाराआडून अंथरुणाला खिळलेले सासरे ओरडले.

“आले, अण्णा! आधी शेजार शोधते.”

सकाळच्या शेजारीण पाध्येकाकूंचा फोन लागेना. लिफ्टने सत्तावीस मजले उतरून तिने त्यांचं दार गाठलं. दाराला कुलूप होतं आणि कुलपात चिठ्ठी:

‘वैजू, आम्ही सकाळीच लग्नाला निघालो. काळजी नको, तुझी किल्ली शेजारी ठेवलीय.’