डब्याला झेंडूची माळ

इंटरनेटच्या डब्याला झेंडूची माळ होती, कुंकवाचा टिळा होता, आणि दिवा एकही लागलेला नव्हता. तपासणीला आलेले विजयकुमार साहेब समोर उभे राहून बघत होते. सत्यभामाबाई चहा घेऊन पडवीत आल्या आणि त्यांचीही नजर माळेवर गेली.

हे काम कोणाचं ते विचारायची गरज नव्हती. त्यांच्या नवऱ्याने, दौलतरावांनी, भिलाईच्या कारखान्यात चौतीस वर्षं लेथ मशीन चालवलं. निवृत्त झाल्यावर सेक्टर 10चं क्वार्टर सोडून दोघं जामुलपलीकडच्या या गावात आले, पण कारखाना काही त्यांच्या अंगातून उतरला नाही. विश्वकर्मापूजेला मशीन पुसायची, टिळा लावायचा आणि दुसऱ्या सकाळपर्यंत तिला हात लावायचा नाही. आज ती पूजा, म्हणून साहेब यायच्या जरा आधीच त्यांनी डबा पुसला आणि वायर काढून ठेवली.

डबा सरकारी पैशाचा. गावच्या गोंडपाड्यात मोबाइलला टॉवर मिळत नाही, म्हणून तिथल्या चाळीस घरांसाठी इंटरनेटची तार आली. पंचायतीच्या खोलीत वीज टिकेना, तेव्हा डबा बाईंच्या पडवीत बसला आणि पाड्यातल्या घरांना नेट इथूनच जाऊ लागलं. आता वरून विचारणा आली होती, की पाड्याला त्याचा उपयोग आहे का. नसेल तर पुढचा पैसा बंद आणि तार दुसऱ्या गावाला.

साहेब दुर्गच्या रेल्वेवाल्या मराठी घरातले, बोलायला गोड. ते हळूच म्हणाले, की काकू, आमच्याकडे सगळे म्हणतातच, पाड्यात नेट कोण वापरतं. आणि इथे तर डबाच बंद. बाईंच्या मस्तकात गेलं, पण साहेबाला काय बोलणार? त्या नवऱ्याकडे वळल्या.

"अक्कल काय क्वार्टरमंदीच इसरून आले तुमी? लावा ते वायर."

"आज नाई," दौलतराव म्हणाले, आणि बुंदीचा प्रसाद आणायला आत गेले.

तेवढ्यात पाड्यातला लहानू सायकल टाकून अंगणात आला. धानविक्रीची नोंदणी अर्ध्यात अडकली होती. त्याच्या मागे भूमिका. तिचा फोनवरचा नर्सिंगचा क्लास मास्तरांच्या उघड्या तोंडावर थांबला होता. मग आणखी बाया, आणखी माणसं, सगळ्यांचे फोन वर धरलेले. मैनाबाई पाड्याच्या पार टोकावरून धापा टाकत आली. कोंडागावची नात तिला रोज या वेळी फोनवर दिसायची, आज दिसली नव्हती. अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. ज्या बाईंच्या जिभेला अख्खं गाव भितं, त्यांना आज जो तो सुनवत होता. डबा तुमच्याकडे, पडवी तुमची, मग नेट कुठे गेलं? आमची कामं कोणी करायची?

बाई उभ्या उभ्या ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा फुलत चालला होता. जन्मात कोणाचं ऐकून घेतलं नव्हतं त्यांनी. आज मात्र म्हणाल्या, "जोरात बोला रे. सायबाले ऐकू जाऊ द्या."

साहेब हसले. झालं काकू, कळलं मला, आता वायर लावा, दिव्यांचा एक फोटो घेतो, असं म्हणून ते बाजूला सरकले. बाई वायर उचलायला वाकल्या.

साहेबांच्या आड झाकलेली माळ आता कुठे सगळ्यांना दिसली. मैनाबाई पुढे झाली आणि तिने बाईंचा हात धरला.

"रहन दे दीदी. सालभर कमाए हे, आज सुस्तान दे."

वर्षभर राबलाय, आज विसावू दे. लहानूने फोन खिशात घातला. भूमिकाने चपला काढल्या, तशा सगळ्यांनीच काढल्या. दौलतराव बुंदीची परात घेऊन बाहेर आले, तेव्हा डब्यासमोर ओळ लागली होती. मैनाबाईने वाकून डब्याला हात जोडले आणि प्रसादाला ओंजळ पुढे केली.

साहेबही ओळीत उभे राहिले. मग बुंदी खात खात बाजेवर बसून त्यांनी फॉर्म काढला. उपयोगापुढे 'आहे' लिहून खाली दोनदा रेघ ओढली. त्याखाली मशीन बंद असल्याचं कारण विचारलं होतं, आणि दोनच पर्याय छापले होते: बिघाड, किंवा वापर नाही. साहेबांनी दोन्ही खोडले आणि शेजारी लिहिलं, 'आज सुट्टीवर आहे.'