तिसरी पुकार

"हे लग्न होऊ नये असं कोणाला वाटत असेल, तर त्यानं आताच सांगावं," कर्ण्यातून पाळकसाहेबांचा आवाज आला, आणि पोरांच्या बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात भाकरी थापणाऱ्या कडूबाईचा पिठातला हात थांबला.

ही तिसरी पुकार. ख्रिस्ती मंडळीत लग्न ठरलं की तीन रविवार उपासनेत नावं पुकारतात आणि दर वेळी हरकत विचारतात. नवरानवरीनं तेवढा वेळ देवळात बसायचं नाही, अशी इथली रीत. म्हणून कडूबाई चुलीपुढं आणि सहादेव सुतार आपल्या घरी. आधीच्या दोन्ही रविवारी कोणी साधं खोकललंही नव्हतं.

पूर्वी पुकार देवळाच्या चार भिंतींत राहायची. यंदा मंडळीनं हौसेनं कर्णा घेतला, आणि ती पार तिसगावच्या बाजारतळापर्यंत जायला लागली. पन्नाशीच्या विधवेचं लग्न, आणि ऐकायला सगळा गाव. कडूबाईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण आतून बरंही वाटायचं, हे खोटं कशाला बोला?

सहादेवाची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. बोर्डिंगच्या या दाराचं एकच बिजागर तो वर्षभर दुरुस्त करत होता. शेवटी कडूबाईच म्हणाली, "दार बरं हाय आता. तुमचं काय म्हननं हाय ते सांगा." सहादेवानं पटाशी खाली ठेवली आणि सांगितलं. इतकं सोपं होतं सगळं.

सोपी नव्हती ती त्याची लेक. भागिरथी एकुलती एक, पुणतांब्याला दिलेली. लग्नाचं कळल्यावर ती आली नाही, भांडलीही नाही. नवऱ्याच्या हाती तिनं बापाला नवाकोरा ट्रान्झिस्टर पाठवला. सोबत निरोप: एकटं वाटतंय ना, मग हे ऐकत बसा. कडूबाई समजायचं ते समजली. बाईच्या जागी पेटी बसवायची, म्हणजे बाईची गरजच नको.

काल संध्याकाळच्या एसटीनं भागिरथी गावात उतरल्याचं कडूबाईला कळलं होतं. रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

कर्णा जरा खरखरला. "पुढं या बाई, इथं येऊन बोला," पाळकसाहेब म्हणाले. मग एक खणखणीत आवाज आला. "मी सहादेवाची लेक भागिरथी. माझी हरकत हाय."

आणि कर्णा बंद पडला. स्वयंपाकघरातला दिवाही विझला. लाइट गेली होती.

देऊळ होतं गावाच्या दुसऱ्या टोकाला. पुढचं ऐकू येणं शक्य नव्हतं, आणि कडूबाईला ऐकायचंही नव्हतं. तिनं उरलेल्या भाकरी थापल्या, कारण पोरं जेवायची होती. तव्यावरची एक भाकरी करपली, तेव्हा तिला रडू आलं. भागिरथीवर राग नव्हता तिचा. आपल्या आईच्या जागी दुसरी आलेली कुठल्या लेकीला खपते? राग होता तो स्वतःवर. या वयात संसाराची हौस आली, आणि चव्हाट्यावर शोभा झाली. आता या गावात भाकरी थापणं नको. तिनं दोन लुगडी, शुभवर्तमान आणि गीतांचं पुस्तक फडक्यात बांधलं. देवळाली प्रवऱ्याला चुलतभाऊ होता. त्यानं दारात उभं केलं असतं, आत घेतलं असतंच असं नाही.

ती वळली तर दारात भागिरथी. उन्हातून भराभरा चालत आलेली, दम लागलेला.

"कुठं निघाली, मावशी?"

"भावाकडं. तू जिवाला लावून घिऊ नको, बाई. तुझी हरकत आईकली म्या."

"सगळी आईकली?"

"आईकली तेवढी बास हाय."

भागिरथी उंबऱ्यावरच बसली. मग म्हणाली, "काल मी घरी आले तवा आबा जेवत हुता. समोर रेडिओ. बातम्या संपल्या, तो मानूस नमस्कार म्हनला. तर आबा त्याला म्हनतो, बसा की वाईच, घाई काय हाय." तिनं पदरानं डोळे पुसले. "मला वाटलं हुतं, घरात आवाज आसला म्हंजी झालं. चुकलं माझं, मावशी."

कडूबाई तिच्याकडं बघतच राहिली. "मग हरकत कशापायी घेतली, अगं?"

"बुधवारच्या प्रार्थनेनंतर गपचिप लगीन उरकायचं म्हनं तुमी. मी इचारलं, नवरीला आननार कोन? आबा म्हनला, तिला कोन हाय, यील की चालत. तेची हरकत घेतली म्या. साहेब म्हनले, बाई, आसली हरकत चालत न्हाई. म्हनलं, चालवून घ्या. सगळी मंडळी हसाय लागली."

"खरंच कोन हाय मला?" कडूबाई म्हणाली. "आई न्हाई, बाप न्हाई. कोनाच्या दारातून निघू?"

भागिरथीनं उठून तिच्या हातातलं बोचकं काढून घेतलं आणि आपल्या काखोटीला मारलं.

"चल, दुपारची गाडी गाठायची हाय. आबाला सांगून आले, लगीन पायजे तर वऱ्हाड घिऊन पुणतांब्याला या. तवर मी तुमची लेक न्हाई. नवरीची आई हाय."