कोमट झाकण

गल्लीतली टेलिकॉमची लोखंडी पेटी जमिनीखाली गेली आणि दृष्टी गेलेले वर्तककाका घराचं वळण चुकू लागले. पेटी हलवा म्हणून अर्ज त्यांनीच केला होता. पण तिच्यावर गुडघा आपटला की शिवी हासडून डावीकडे वळायचं, ही त्यांची वीस वर्षांची सवय.

मग पेटीची देखभाल करणाऱ्या नसीमानं पेटीतल्या यंत्राला काकांची पावलं ओळखायला शिकवलं. ते आले की पेटीचं फूटपाथवरचं झाकण आपोआप कोमट व्हायचं.

आज पायांना ऊब लागताच काकांनी चपला काढून हातात घेतल्या.

"काका, चपलेतूनही कळतं की," नसीमा हसली.

"कळतं गं पोरी. पण जिला वीस वर्षं शिव्या घातल्या, ती रोज माझी वाट बघते. तिच्यावर चपला घालून कसा उभा राहू?"